बिबड्याचा व्यास

आक्काने यंदा बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्या खानदेशी ज्वारीच्या पापडांसाठी, वेल्डिंगवाल्याकडून स्टीलची एक कडी वळवून आणली. आतून मोजली तर बरोबर १८ सेंटिमीटर. ओल्या फडक्यावर कडी ठेवायची, तिच्यात शिजलेल्या पिठाचा गोळा टाकून पाण्याच्या बोटांनी कडेपर्यंत थापायचा, कडी उचलायची आणि फडकं बाजेवरच्या जुन्या लुगड्यावर उलटं करायचं. सगळे बिबडे एका मापाचे. गच्चीच्या जिन्यातून पाहिलं तर छापखान्यातून काढल्यासारखे दिसतात.

आईच्या हातचे असे नसायचे. एक वीत, वर चार बोटं, आणि थापणारी बाई बदलली की आकारही बदलायचा. शेजारच्या काकूंचे कडेला जाड, आईचे मध्ये पातळ. कोणता बिबडा कोणाचा हे तळताना कळायचं. ज्वारी तीन दिवस भिजत, मग दळण, मग पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात लसूण, जिरं, तीळ, मिरची घालून तो घाटा शिजायचा. आम्ही पोरं वाट्या घेऊन चुलीशी बसायचो. गरम घाट्यात बोटाने खड्डा करायचा आणि त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल. अमळनेरचं वैशाखातलं ऊन असं, की सकाळी टाकलेला बिबडा दुपारी उलटायला येतो.

तर १८ सेंटिमीटर. हा आकडा काही आक्काच्या मनात आला म्हणून आला नाही. आक्का बिबडे ऑनलाइन विकते, तो कुरिअरच्या बिलातून आला.

कुरिअरवाले दोन वजनं मोजतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि ५००० ने भागायचं. येईल ते किलो. दोन्हींत जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. विमानात बऱ्याचदा वजन भरायच्या आधी जागा भरते, त्यातून आलेला हा हिशेब. आक्काचे बिबडे विमानाच्या आसपासही जात नाहीत, ते ट्रकने जातात. पण भागाकार तोच. पहिल्या वर्षी एक किलो बिबड्यांना ३० बाय ३० बाय २० चं खोकं लागायचं. १८ हजार भागिले ५०००, म्हणजे ३.६ किलो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्याने धरलं तर ४. किलोभर मालाला चार किलोचं भाडं! मोठा बिबडा वाळताना परातीसारखा वाकतो. एकावर एक रचले की प्रत्येक दोन बिबड्यांच्या मध्ये हवाच हवा. आक्का हवेचं भाडं भरत होती.

लहान बिबडा सपाट वाळतो. रचला की दाबून बसतो, कमी तुटतो, कागदाचे बोळे कमी लागतात. दोन महिने खोक्यांशी झटापट करून ती २० बाय २० बाय २५ वर आली. १० हजार भागिले ५०००, बरोबर दोन किलो. एवढं जमल्यावर तिने मला फोन केला आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुनं बठ्ठं शिकेल काय कामनं? हाई तू सांगाले पाहिजे व्हतं." बठ्ठं म्हणजे सगळं.

बरोबर होतं तिचं. मी पुण्यात गेली १४ वर्षं ऑनलाइन पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. दिवसभर ज्या दुकानांची यंत्रं हलवतो, त्या दुकानांत बसलेल्या माणसाला खोक्याच्या उंचीची काळजी असते, हे मला बहिणीने सांगावं लागलं.

आमच्या नानांची चक्की होती. सकाळी बायका डबे ठेवून जायच्या, संध्याकाळी न्यायच्या. ओळीने चाळीस-पन्नास डबे. कुणाचा गहू, कुणाची ज्वारी, कुणाचं कळणं. नाना हे सगळं डोक्यात ठेवत नसत, त्यांना ते ठेवायचंच नव्हतं. प्रत्येक डब्यात धान्यावर एक चिठ्ठी असायची: नाव, "बारीक" किंवा "जाडसर", मागची बाकी असली तर तीही. चक्कीला आठवण नाही, आठवण डब्यासोबत येते. डबा उघडला की चक्कीला सगळं कळतं.

नोकरीला लागल्यावर मला कुकी म्हणजे काय ते शिकवलं, तेव्हा मला नानांचे डबे आठवले. वेब मुळात विसराळू. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने दिलं, संपलं. दुसरं पान मागायला आलात की तुम्ही नवे. शास्त्रज्ञ एकमेकांचे कागद वाचत होते तोवर यात काही अडचण नव्हती. अडचण दुकानदाराला आली. गिऱ्हाईक टोपलीत दोन वस्तू टाकतं, तिसरी बघायला जातं, आणि पहिल्या दोन कोणाच्या होत्या हेच दुकान विसरतं! १९९४ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीकडे एमसीआय या टेलिफोन कंपनीचं ऑनलाइन दुकानाचं काम आलं. अर्धवट भरलेल्या टोपल्या आपल्या सर्व्हरवर सांभाळायला ती कंपनी तयार नव्हती. तेव्हा लू मॉन्टुली नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने तोड काढली: चिठ्ठी गिऱ्हाईकाच्याच डब्यात, म्हणजे त्याच्याच कॉम्प्युटरवर टाकायची. म्हणजे कुकी जन्मली ती टोपलीसाठी, दुकानाच्या गरजेतून.

पुढे काय झालं ते सगळ्यांना अंगाने माहीत आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या वेब मासिकाच्या पानावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पहिली बॅनर जाहिरात झळकली. जाहिरातवाल्यांच्या लक्षात आलं, की चिठ्ठी फक्त चक्कीवाल्यानेच वाचायची असं काही लिहिलेलं नाही. एकाच चित्राचा तुकडा हजार पानांवर लावला, तर हजार दुकानांतून फिरणारा डबा आपल्याला ओळखता येतो. नानांच्या चिठ्ठीवर "जाडसर" लिहिलंय हे शिंप्याला, डॉक्टरला आणि विमा एजंटला कळावं, तसं. ज्या कंपनीने यात मोठा जम बसवला ती डबलक्लिक १९९६ मध्ये सुरू झाली. गूगलने २००७ मध्ये ती तीन अब्ज डॉलरच्या वर मोजून घ्यायचं ठरवलं. एवढी किंमत कोणी पिठाला देत नाही. ती चिठ्ठ्यांची होती.

माझ्या धंद्यातली एक गंमत इथे सांगायलाच हवी. पान सापडलं नाही की ४०४ येतो, हा आकडा आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्याच्या दोन घरं अलीकडे ४०२ बसला आहे. अर्थ: पैसे भरा. वेबचे नियम लिहिणाऱ्यांनी नव्वदीच्या दशकातच ही खोली बांधून ठेवली आणि दारावर पाटी लावली, भविष्यातल्या वापरासाठी राखीव. म्हणजे पानाचे दोन पैसे तिथल्या तिथे चुकते करायची सोय वेबच्या अंगातच असावी, असं कुणाच्या तरी मनात होतं. ते जमलं नाही. किरकोळ पैसे हलवण्याचा खर्चच पैशांपेक्षा जास्त होता, आणि कोणती बँक कोणाशी बोलणार हे ठरलं नव्हतं. खोली रिकामी राहिली आणि जाहिरातवाल्यांनी सगळं घर भाड्याने घेतलं. मला पगार मिळतो तो या रिकाम्या खोलीमुळेच. हल्ली एआयच्या यंत्रांनी पानं वाचून नेऊ नयेत, नेली तर पैसे द्यावेत, म्हणून वेबसाइटांची राखण करणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने २०२५ मध्ये तीच पाटी झटकून पुन्हा बाहेर काढली. बघू.

आमच्याकडे ही खोली दुसऱ्याच दाराने उघडली.

नाना व्हीपीने वस्तू मागवायचे. नव्या पिढीला व्हीपी सांगावं लागतं: पोस्टमन पार्सल आणतो, तुम्ही त्याला पैसे देता, तो पार्सल देतो. ही सोय भारतात १८७७ पासूनची. तेल, घड्याळ, पुस्तकं, कसलीशी बळकटीची गोळी, सगळं या वाटेने गावागावात शिरलं. डब्यात घड्याळाऐवजी वीट निघाल्याच्या गोष्टीही त्याच वाटेने आल्या. त्यामुळे २०१० मध्ये फ्लिपकार्टने दारात पैसे घ्यायला सुरुवात केली आणि इंग्रजी वर्तमानपत्रांना ती मोठी शक्कल वाटली, तेव्हा नाना म्हणाले असते, व्हीपीच की. कार्ड होतं किती जणांकडे? आणि ज्यांच्याकडे होतं त्यांचा ओटीपी येईपर्यंत रेंज जायची. २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डाला ती दुसरी कुलूपकिल्ली सक्तीची केली होती. माणसाचा भरवसा बसावा म्हणून लावलेलं कुलूप माणसालाच उघडेना, अशी अवस्था.

आक्काने एक हंगाम दारात पैसे घेऊन पाहिले. त्या हंगामात मला आरटीओ या शब्दाचा नवा अर्थ कळला. आपल्यासाठी आरटीओ म्हणजे लायसन्सची रांग. ऑनलाइन विकणाऱ्यासाठी आरटीओ म्हणजे परत आलेलं पार्सल. गिऱ्हाईक दार उघडून म्हणतं, आता नको, आणि खोकं ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने घरी येतं. जायचं भाडं आक्काचं, यायचंही आक्काचं. मोबाइलचं कव्हर परत आलं तर दुसऱ्याला विकता येतं. परत आलेला बिबडा उघडला की त्याचा चुरा निघतो. त्या वर्षी आम्ही महिनाभर चुऱ्याची चटणी खाल्ली.

तिने ते बंद केलं आणि सांगितलं, आधी पैसे, मग बिबडे. हे ती सांगू शकली याचं कारण मला शोधायचं झालं तर मी घरापासून फार लांब जाणार नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. तेव्हा आम्हाला वाटलं, आणखी एक कार्ड. पण त्या बोटाच्या ठशावर २०१६ मध्ये सिमकार्डं वाटली गेली. अंगठा टेकवला की काही मिनिटांत सिम चालू. जिओ त्या सप्टेंबरात आलं आणि सहा महिन्यांच्या आत दहा कोटींवर गेलं. त्याच एप्रिलमध्ये यूपीआय जाहीर झालं होतं, ऑगस्टपासून बँकांच्या अ‍ॅपमध्ये दिसायला लागलं, आणि नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या. हे सगळं एका वर्षात. ४०२ च्या खोलीला पंचवीस वर्षं किल्ली मिळत नव्हती, आणि इथे दहा रुपयांची भजी मोबाइलवरून!

किल्ली कुणी आणि का बनवली, यावर ज्याला भांडायचं त्याने भांडावं, माझीही मतं आहेत. मला दिसतं ते एवढं, की यंत्र आलं तसं राहिलं नाही. नानांच्या जुन्या जागेत आता आक्काच्या पोराचं दुकान आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक स्क्रीन दाखवायचं, "झाले बघ", आणि निघून जायचं. काही स्क्रीन कालच्या निघाल्या, काही कुठल्याच नाहीत. पोराचे हात तेलाचे, समोर गर्दी, तो कधी मेसेज बघणार? ही अडचण देशभरच्या काउंटरवर होती, म्हणून तो बोलणारा डबा आला. त्यात सिम, त्यात स्पीकर. रक्कम मोठ्याने सांगतो, मराठीत सांगतो. आई आता पोराला "पैसा उनात का" असं विचारत नाही. विचारते, "डबा बोलना का?"

मला त्या डब्याची एकच गोष्ट खटकते. आमच्याकडे बैलबाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात रुमालात, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्या पन्नास माणसांना पत्ता नाही. आता शेजारणीने किती रुपयांचं तूप नेलं ते अख्ख्या गल्लीला डबा ओरडून सांगतो. डब्याचं महिन्याला भाडंही आहे. २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून काही घ्यायचं नाही असा नियम झाला. मग कंपन्यांनी कमवायचं कशावर? डब्याच्या भाड्यावर, आणि डब्याने ऐकलेल्या आकड्यांवरून दुकानदाराला कर्ज देण्यावर. भाच्याला दर आठवड्याला कर्जाचा मेसेज येतो. तो कधी किती विकतो हे त्याच्या बायकोआधी डब्याला माहीत. फुकट पीठ दळून देणारी चक्की मी अजून पाहिली नाही.

आक्काचे पहिले गिऱ्हाईक सुरतेचे. आमच्या भागातली निम्मी घरं तिकडच्या लूमवर गेलेली, उधना-लिंबायतला अहिराणी ऐकत फिरता येतं. पूर्वी बिबडे पॅसेंजरने जायचे, कुणाच्या तरी मांडीवर, स्टीलच्या डब्यात. एका मोठ्या ऑनलाइन बाजारात नाव घातल्यावर आक्काला वाटलं, आता सुरतेच्या लोकांना सोपं. पण बिबडा हा पापडातला प्रकार, त्यावर जीएसटी नाही. तिचा काळा मसाला मात्र करात येतो. ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारात विकायची मुभा मिळाली, ती आपल्या राज्यापुरती. मसाला नागपूरला जाऊ शकतो, सुरतेला नाही. आमच्याच रेल्वेलाइनवर नवापूर स्टेशन आहे. त्याचा काही फलाट महाराष्ट्रात, काही गुजरातेत, आणि एका बाकावर दोन राज्यांची नावं रंगवलेली. बाकावर बसून इकडून तिकडे सरकलं तर मसाला बेकायदा होतो! सॉफ्टवेअरमध्ये ही रेषा एका ओळीची असते. पिन कोडचे आकडे बघायचे आणि ऑर्डर नाकारायची. अशा ओळी मीच लिहितो, आणि लिहिताना नवापूरचा बाक कधी डोळ्यांपुढे आला नव्हता.

तिने शेवटी नोंदणी केली. आता महिन्याला सीएकडे जाते, आणि त्याच्या फीमध्ये किती बिबडे बसतात ते बोटांवर मोजते.

नावाचं तर वेगळंच. आम्ही बिबडा म्हणतो, कुणी बिबडी, कुणी बिबड्या, शहरात जन्मलेली पोरं ज्वारीचे पापड शोधतात. आक्काच्या पानावर मालाचं नाव आता साडेतीन ओळींचं आहे, सगळ्या रूपांसकट, मागे "घरगुती", "गावरान", "उन्हाळी वाळवण". असं कोणी माणूस बोलत नाही. ते यंत्राशी बोलणं आहे, आणि आक्का ते माझ्यापेक्षा चांगलं बोलते. मध्यंतरी ती फोनवर मलाही "घरगुती गावरान मसाला पाठवते" म्हणाली. मी म्हटलं, आक्का, मी शोधत नाहीये गं, मी तुझा भाऊ आहे.

मागच्या हंगामात पैसे कापले गेले तेव्हा मात्र मला तिचं हसू आलं नाही. कुरिअरच्या गोदामात खोक्यांची मापं कॅमेऱ्याचं यंत्र घेतं. यंत्राने वीस खोक्यांची उंची २५ ऐवजी ३२ धरली. खोक्यावर चिकटपट्टीचं टोक उभं राहिलं होतं की दुसरं काही, कळायला मार्ग नाही. पैसे आपोआप वळते झाले. तक्रारीला सात दिवस, आणि पुरावा म्हणून इंचपट्टी लावलेला फोटो. माल तर निघून गेलेला. आक्काने रिकामं खोकं गच्चीवर ठेवलं, शिवणकामाची टेप लावली, वर एक बिबडा ठेवला आणि फोटो पाठवला. अर्धे पैसे परत आले. अर्धेच का, हे विचारायला तिकडे माणूस नव्हता. आता ती प्रत्येक खोक्याचा निघण्याआधी तीन बाजूंनी फोटो काढते. चिकटपट्टी बोटाने दाबून बसवते, आणि वरून पुन्हा दाबते.

या अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाची गिरणी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली आणि तुपावरून कॉम्प्युटरवर गेली. गावात ज्यांच्या आजोबांनी तेव्हा चार शेअर घेऊन ठेवले, त्यांच्या घरांच्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. आमच्या आजोबांनी त्या पैशांत चक्कीचा दगड घेतला. बस स्टँडकडे जाताना आक्काला हे म्हटलं, तर ती म्हणाली, दगड अजून आहे.

यंदा वैशाखात चार दिवस घरी होतो. कडीने थापायला मीही बसलो. माझे मध्ये फाटत होते, आईने बाजूला सारले. दोनशे बिबडे कडीचे झाल्यावर पातेल्यात घाटा उरला, तेव्हा आईने कडी धुऊन खुंटीला लावली आणि उरलेले मोकळ्या हाताने थापले, एक वीत, वर चार बोटं. त्या दिवशी पुण्याहून एक अभिप्राय आला होता. तीन तारे. लिहिलं होतं, "चव चांगली आहे, पण आमच्या आजीचे बिबडे मोठे असायचे." आक्का म्हणाली, उत्तर लिही. मी फोन घेतला. तिने सांगितलं, "लिही, मोठे हवे असतील तर घरी या, खोक्यात मावत नाहीत." मी ते तसंच लिहिलं.

निघताना आईने मोठ्यांतले बारा मला दिले, जुन्या स्टीलच्या डब्यात, खाली-वर कागद. डबा मांडीवर घेऊन बसलो. मनमाड येईपर्यंत दोन तुटले होते. शेजारच्या सीटवरचा माणूस धुळ्याचा निघाला. त्याच्याकडे शेंगदाणे होते.